चेअरमनांच्या म्हशीची फॅट आणि आपले चारित्र्य

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत तुम्ही नुकतेच सचिव झालात. सकाळच्या संकलनात चेअरमनांच्या घरचे दूध आले की त्याची फॅट, म्हणजे ज्यावर दुधाचा दर ठरतो तो स्निग्धांश, एक-दोन पॉइंटने (एक पॉइंट म्हणजे टक्क्याचा दहावा भाग) वाढवून लिहायची, ही पद्धत तुमच्या आधीपासून चालत आलेली आहे आणि गेले दोन महिने ती तुमच्याही हातून चालू आहे. त्यात तुमचा स्वतःचा एका पैशाचा फायदा नाही. घरचे लोक, मित्र आणि संस्थेतले जुने कर्मचारी सगळे एकच सांगतात, "एवढं चालतंय की." तुम्हाला विचारायचे आहे ते हे, की इतक्या किरकोळ गोष्टीवरून माणसाची पारख करावी का, आणि आज हे चालवून घेणारा माणूस उद्या लाखांच्या व्यवहारात सरळ राहील का.

या जिल्ह्यातल्या दूध संस्था, विकास सेवा संस्था, पतसंस्था आणि पाणीपुरवठा संस्था यांचे लेखापरीक्षण करण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. नीतिशास्त्राचा माझा अभ्यास नाही. पण दप्तर तपासताना ते लिहिणारा माणूसही समोर बसलेला असतो, आणि किर्दीपेक्षा, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीपेक्षा, त्याच्याकडे पाहण्यातच बऱ्याचदा जास्त वेळ जातो. त्यामुळे उत्तर त्याच अनुभवावरून देतो.

आधी एक समजूत बाजूला करायला हवी. माणसाचे खरे रूप मोठ्या प्रसंगात दिसते, असे आपण सगळेच म्हणतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी प्रयाग चिखली आणि आंबेवाडीत शिरले, शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे रिकामी करावी लागली, तेव्हा या जिल्ह्यातल्या माणसांनी जे केले त्याला तोड नाही. अनोळखी माणसांच्या म्हशी सोडवायला लोक छातीभर पाण्यात उतरले, आपल्या घरात दहा-दहा जणांना ठेवून घेतले, भाकरी थापून ट्रकच्या ट्रक पाठवले. त्यात असेही लोक होते, ज्यांच्या दप्तरातल्या खोट्या नोंदींवर मी स्वतः शेरे मारलेले होते. त्यांचे ते धाडस ढोंग नव्हते आणि त्या नोंदीही खऱ्या नव्हत्या. मोठ्या प्रसंगात काय करायचे हे प्रसंगच सांगतो, सगळा गाव पाहत असतो, आणि मागे राहिलेल्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. पूर ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले, तेव्हा मात्र असे कोणी काही सांगत नव्हते. दोन वर्षांपूर्वी पडलेली गोठ्याची भिंत पुरात पडली असे लिहायचे की नाही, हे ज्याचे त्यालाच ठरवायचे होते. कोणाचा कस लागला हे मला विचाराल तर मी पाण्यात कोण उतरले यापेक्षा त्या पंचनाम्यांची यादी पाहीन.

तुमच्या काउंटरवरची वेळ या दुसऱ्या प्रकारातली आहे. सकाळचे सहा-साडेसहा वाजलेले असतात, दारात किटल्यांची रांग असते, दूध न्यायला येणाऱ्या दूध संघाच्या गाडीची वेळ ठरलेली असते. एक मावशी दोन लिटरची किटली काट्यावर ठेवतात, तुम्ही नमुना मशीनला लावता, आकडा उमटतो, आणि त्या विचारतात, "किती लागली रं?" त्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा आणलेला नसतो. तुम्ही सांगाल ती फॅट. त्यांच्या मागे चेअरमनांचा गडी दोन कॅन घेऊन उभा असतो, आणि तो काहीच विचारत नाही, कारण त्याला विचारायची गरज नसते. या दोन माणसांमधल्या अर्ध्या मिनिटात तुम्ही जे करता, त्याला मी लहान म्हणायला तयार नाही, कारण ते रोज दोन वेळा होते आणि प्रत्येक वेळी ते तुम्हीच करता.

पूर्वीच्या सचिवांना निदान एक पळवाट होती. ब्युटिरोमीटरमध्ये ॲसिड, दूध आणि अमाइल अल्कोहोल घालून ती नळी यंत्रात फिरवायची आणि मग तिच्या मानेवरच्या रेघा डोळ्यांनी वाचायच्या, अशी ती पद्धत होती. ॲसिडने शर्टाला भोके पडलेले सचिव मी पाहिले आहेत. रेघ वाचताना डोळा थोडा वर-खाली झाला, असे तेव्हा म्हणता येत होते, आणि कधी कधी ते खरेही असे. आता मशीन दशांशासह आकडा दाखवते आणि तो संगणकात आपोआप जातो. त्याऐवजी हाताने आकडा घालायचा असेल तर वेगळे बटण दाबावे लागते. म्हणजे खोटी नोंद करायला आज पूर्वीपेक्षा जास्त निश्चय लागतो, आणि तरीही ती सवयीने होते. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझे मत असे झाले आहे की पहिल्या चार-पाच वेळा बोट थांबते. त्यानंतर ते थांबत नाही, आणि आपण काही करतो आहोत हेच जाणवेनासे होते. म्हातारी मेल्याचे दुःख नाही पण काळ सोकावतो, असे आपण म्हणतो. इथे सोकावतो तो आपलाच हात.

आता पारखण्याविषयी. शितावरून भाताची परीक्षा, हे खरेच. पण ते भाताला लागू पडते, कारण सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणूस असा एकसारखा शिजलेला नसतो. अमेरिकेत १९२० च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांना वेगवेगळ्या ठिकाणी मोहाच्या कसोट्या लावल्या. कुठे उत्तरपत्रिका स्वतःच तपासायची, कुठे खेळात गुण स्वतःच मोजायचे, कुठे हाताशी नाणी ठेवलेली. वर्गात नक्कल करणारे मूल पैशाला हात लावेलच असे त्यांना दिसले नाही, आणि पैशाला हात न लावणारे मूल घरी खोटे बोलणार नाही असेही दिसले नाही. एका कसोटीवरून दुसरीचा अंदाज फारच कमी बांधता येत होता. पुढे इतर अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा असे दिसले की अनेक कसोट्या एकत्र धरल्या तर थोडाफार समान धागा हाती लागतो.

माझ्या धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटण्यासारखे काही नाही. एका पावतीवरून आम्ही संस्थेला लेखापरीक्षणाचा वर्ग ठरवून देत नाही. एक चुकीची नोंद कोणाच्याही दप्तरात सापडते, आणि ज्याच्या दप्तरात एकही खाडाखोड नाही त्याची किर्द मी उलट जास्त बारकाईने पाहत असे. पण नमुना म्हणून वेगवेगळ्या महिन्यांतले दिवस उचलले आणि प्रत्येक ठिकाणी चूक एकाच माणसाच्या बाजूने झालेली दिसली, तर ती चूक नव्हे. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की एका पॉइंटवरून तुमची पारख करणे हा अन्याय आहे, मात्र वर्षभराच्या रजिस्टरावरून ती करणे रास्त आहे, आणि तुमचे ते रजिस्टर आत्ता दोन महिन्यांचे आहे.

चूक नेमकी कुठे दिसते याबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. खऱ्या दुधाची फॅट सारखी नसते. चारा बदलला, म्हैस माजावर आली, पाऊस लागला, वासराने जास्त पाजून घेतले की आकडा हलतो. मनाने लिहिलेली फॅट मात्र महिनोन्‌महिने एका जागी बसलेली असते. हाच न्याय फार मोठ्या ठिकाणीही लागू पडलेला आहे. माहिती भरून द्यायच्या फॉर्मच्या तळाऐवजी सुरुवातीलाच सही घेतली तर लोक जास्त खरे लिहितात, असा निष्कर्ष सांगणारा एक शोधनिबंध २०१२ साली अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात आला आणि बराच गाजला. त्यातल्या एका प्रयोगात मोटार विम्याच्या ग्राहकांनी कळवलेले गाडीचे मैल होते. काही अभ्यासकांनी २०२१ मध्ये ते आकडे उकलून पाहिले, तर वर्षभरात गाडी शून्यापासून पन्नास हजार मैलांपर्यंत कितीही चाललेली असो, प्रत्येक टप्प्यात माणसे जवळजवळ सारखीच, आणि पन्नास हजारांच्या पुढे कोणीच नाही. खऱ्या माणसांच्या गाड्या अशा चालत नाहीत. आकडे बनावट निघाले आणि निबंध मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचा निबंध खोट्या आकड्यांनी बुडाला, याचे आमच्या वर्तुळात हसू झाले खरे, पण मला त्यात हसण्यापेक्षा शिकण्यासारखे जास्त दिसले. चांगल्या हेतूच्या कामात खोटा आकडा शिरला की तो कोणाला शोधावासाही वाटत नाही.

"मला तर काही मिळत नाही," हे तुमचे वाक्य मी दुसऱ्यांदा वाचले, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातले सगळ्यात धोक्याचे वाक्य तेच आहे. डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने विश्वासाच्या जागेवर बसून पैसे खाल्लेल्या कैद्यांशी तुरुंगात जाऊन सविस्तर बोलणी केली आणि १९५३ साली आपले निष्कर्ष मांडले. आज लेखापरीक्षणाच्या अभ्यासात ते अफरातफरीचा त्रिकोण म्हणून शिकवले जातात. एका कोपऱ्यावर कोणाला सांगता न येणारी अडचण, दुसऱ्यावर संधी, आणि तिसऱ्यावर स्वतःला पटणारे कारण. यातला तिसरा कोपरा लोकांना नीट समजत नाही. कारण मागाहून शोधले जाते असा समज आहे. क्रेसींना दिसले ते उलट होते. माणसाने आधी कारण मनाशी तयार केलेले असते आणि मगच हात पुढे केलेला असतो. मी चोरी करत नाही, चार दिवसांसाठी वापरतो आहे, परत ठेवणार आहे, हे ज्याला आधी पटते तोच पैसे उचलतो. स्वतःला चोर समजून पैसे उचलणारा कारकून मला तरी भेटला नाही.

हातशिल्लक अचानक मोजायला गेलो की हे डोळ्यांसमोर उघडे पडत असे. पेटी उघडली की आत रबर लावलेल्या नोटा, चिल्लर, आणि तळाशी बारीक चिठ्ठ्या निघत. ‘आबा पाचशे’, ‘पशुखाद्य गाडी भाडे, पावती यायची’, ‘तात्या, सोमवारी देणार’. शिल्लक कमी भरली की दोन तऱ्हेची माणसे दिसत. एक जण चिठ्ठ्या पुढे ठेवून सांगे, "एवढे कमी आहेत साहेब, हे असे गेले." दुसरा म्हणे, "थांबा साहेब, माझ्या खिशात हाय," आणि खिशातून काढून रक्कम पुरी करी. बेरीज दोघांचीही जुळे, आणि नवख्या तपासनिसाला दुसरा माणूस जास्त नेटका वाटे. मला पहिल्याचे नियम मोडल्याबद्दल वाईट वाटे आणि दुसऱ्याची काळजी वाटे, कारण संस्थेचे पैसे आणि स्वतःचे पैसे यांच्यातली भिंत त्याच्या खिशात कधीच पडलेली असे. तो त्या दिवशी भर घालत होता, एवढेच. उद्या पोरीच्या लग्नाला कमी पडले तर तीच वाट उलट दिशेने वापरायची होती.

तुमच्याकडे आज अडचण नाही आणि पैसे उचलण्याचा विचारही नाही. पण कारण तयार आहे, आणि ते चांगले पक्के आहे: मला मिळत नाही, आधीपासून चालू आहे, चेअरमनांचा मान आहे. एका कामासाठी तयार झालेले कारण दुसऱ्या कामालाही चालते. लाखाच्या व्यवहारात तुम्ही सरळ राहाल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, तुम्हीही नाही. मला इतकेच सांगता येते, की ज्या मोठ्या अफरातफरी माझ्यासमोर आल्या त्यांत पहिली खोटी नोंद बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी फायद्याची होती. सचिवाने आधी कोणाची तरी भीड सांभाळलेली असे. भीड सांभाळणे हा आपल्याकडे गुण मानतात, त्यामुळे तो पाय घसरलेला कोणाला दिसतच नाही.

"मापात सुटलेलं दूध संस्थेतच राहते, दिवाळीला फरक म्हणून सगळ्यांनाच मिळते," हा दुसरा युक्तिवाद तुम्ही लिहिलेला नाही, पण तो तुम्हाला ऐकवला जाईलच, म्हणून त्याचा हिशेब करून देतो. समजा काटा लिटरच्या पुढे एकच आकडा दाखवतो आणि त्यापुढचा आकडा, म्हणजे दहा-दहा मिलिलिटरचे टप्पे, सोडून देतो. मग प्रत्येक वेळी शून्यापासून नव्वद मिलिलिटरपर्यंत काहीतरी सुटते, सरासरी धरली तर ४५. दिवसातून दोन वेळा म्हणजे ९०, वर्षाला जवळजवळ ३३ लिटर. हे दोन लिटर घालणाऱ्या मावशींचेही सुटते आणि वीस लिटर घालणाऱ्याचेही तेवढेच सुटते. पण मावशींच्या दुधाचा तो सव्वादोन टक्के भाग आहे, वीस लिटरवाल्याच्या दुधाचा पाव टक्काही नाही. दिवाळीचा फरक, म्हणजे वर्षअखेरची जादा रक्कम, वाटला जातो तो वर्षभरात घातलेल्या दुधाच्या प्रमाणात. म्हणजे सगळ्यांकडून सारखे काढून घेतलेले दूध परत देताना मोठ्याला दहापट जाते. याउप्पर चेअरमनांची फॅट वाढवली की संस्थेच्या शिल्लकेतून त्यांना आधीच वेगळे दिलेले असते. सगळ्यांनाच मिळते, हे म्हणणे ऐकायला गोड आहे, पण आकडे ते मान्य करत नाहीत. रोजच्या नैतिक प्रश्नांत चांगली भावना पुष्कळदा पुरत नाही, बेरीज-वजाबाकी करावी लागते, आणि ती करण्याचा कंटाळा हेही माझ्या हिशेबी स्वभावाचेच लक्षण आहे.

चेअरमनांची गोष्ट किरकोळ नाही याचे आणखी एक कारण आहे, आणि ते कोल्हापूरकराला वेगळे समजावून सांगायला लागू नये. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला, हे सगळ्यांना पाठ असते. पण त्याच महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या त्या हॉटेलासमोर गाडी थांबवून सर्वांदेखत ते चहा घेत. आदेशाला कागद, शिक्का आणि अंमलदार लागतात. चहाला यातले काहीच लागत नव्हते, आणि तरीही भोवतीच्या मानकऱ्यांना त्यातून जे कळायचे ते कळत होते. सत्ता असलेल्या माणसाची बारीकशी कृती अशी सगळ्यांना शिकवत असते. तुमच्या रांगेत उभ्या असलेल्या पंचवीस-तीस माणसांना चेअरमनांच्या कॅनला मशीनकडे न पाहता आकडा मिळतो हे रोज दिसते. त्यातला कोणी दुधात तांब्याभर पाणी घालायला लागला, तर त्याला बोलायला तुमच्याजवळ तोंड उरत नाही, आणि हे त्याला तुमच्याआधी कळलेले असते.

एवढे लिहून झाल्यावर मला तुमच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण सगळा भार चारित्र्यावर टाकणे मला पटत नाही. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांचा १९७३ चा एक प्रयोग आहे. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणसंस्थेतल्या चाळीस विद्यार्थ्यांना भाषण देण्यासाठी एका इमारतीतून दुसरीत जायला सांगितले. काहींना भाषणाचा विषयच असा दिला होता की वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली कथा सांगायची. वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला होता. ज्यांना पुरेसा वेळ आहे असे सांगितले होते त्यांतले ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांतले ४५ टक्के, आणि उशीर झालाय असे सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने फारसा फरक पडला नाही, घड्याळाने पडला. संघाची गाडी दारात हॉर्न वाजवत असताना तुमच्याकडून काय होते याचा दोष म्हणूनच मी सगळा तुमच्या स्वभावाला देणार नाही.

पण यातून निघणारा अर्थ "परिस्थितीच तशी होती" हा नव्हे. परिस्थिती माणसाला वळवते हे एकदा कळल्यावर तिची मांडणी बदलणे हे आपल्याच हातचे काम होते, आणि माझ्या मते खऱ्या सचोटीचा मोठा भाग याच कामात असतो. मला भेटलेल्या चांगल्या सचिवांना स्वतःच्या निश्चयावर फारसा भरवसा नसे. मशीनचा आकडा दूध घालणाऱ्याच्या बाजूला दिसेल असा ते फिरवून ठेवत. हाताने फॅट घालायचे बटण बंद करून घेत, आणि मशीन बिघडले तर त्या दिवसाच्या नोंदीवर दुसऱ्या कोणाची तरी सही घेत. उरलेले सॅम्पलचे दूध रोज मोजून लिहीत. संध्याकाळी हातशिल्लक मोजल्याशिवाय पेटीला कुलूप लावत नसत आणि चिठ्ठी पेटीत राहू देत नसत. अशा ठिकाणी तपासणीला गेलो की काम लवकर संपे. त्यांना कोणी खास प्रामाणिक म्हणत नसे, नुसते शिस्तीचे म्हणत. त्यांच्या दारात मोह फारसा येतच नसे, आणि त्याचे श्रेय त्यांना कधी मिळाले नाही.

क्रेसींच्या त्रिकोणातला पहिला कोपरा, न सांगता येणारी अडचण, हाही मांडणीचाच भाग आहे. दवाखाना, लग्न, शेअर बाजारात किंवा मोबाइलवरच्या जुगारात गेलेले पैसे, आणि त्यावर झाकण म्हणून इभ्रत. अडचण सांगता येईल असा एक माणूस हाताशी असला तर अर्धी वाट तिथेच बंद होते. तुमचा असा माणूस कोण आहे ते आजच, काही अडचण नसताना, ठरवून ठेवा. संस्थेतला नको.

आता चेअरमनांशी कसे बोलायचे. सगळ्यांसमोर बोलू नका, गड्याकरवी निरोप तर मुळीच देऊ नका. घरी जा, एकटे असताना बोला, आणि मान राखून एवढेच सांगा: "आबा, उद्यापासनं तुमच्या दुधाची मशीनला जी लागंल तीच फॅट लिहिणार हाय. मला रांगेतल्या माणसांच्या तोंडाकडं बघवंना." पुष्कळ जण इथे ऑडिटरचे नाव पुढे करतात, "ऑडिटला अडचण येतीया" म्हणतात. आमचे नाव असे वापरले जाण्याची आम्हाला सवय आहे आणि त्याचा रागही नाही, पण तो सल्ला मी देणार नाही. सबब दिली की समोरचा माणूस सबबीवर उपाय काढतो. "ऑडिटरचं मी बघतो" म्हणाले की तुमच्याजवळ बोलायला काही शिल्लक राहत नाही. खऱ्या कारणावर असा उपाय निघत नाही. कधी कधी तर चेअरमन म्हणतात, "मी कवा सांगितलं व्हतं?" आणि ते खरे असते. आधीच्या सचिवाने खूश ठेवण्यासाठी आपल्या मनानेच सुरू केलेले असते आणि चेअरमनांना आपली म्हैसच चांगली आहे असे वाटत असते. हे हसण्यावारी नेऊ नका, मी पाहिलेले आहे.

त्यानंतरच्या मासिक मीटिंगमध्ये, फॅटची चाचणी उत्पादकासमोर होईल आणि प्रत्येकाला छापील पावती मिळेल, असा ठराव मांडा. त्यात कोणाचे नाव नको. ठराव प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, आला की पुढच्या वेळी नाही म्हणायला तुमच्या एकट्याच्या धैर्याची गरज पडत नाही.

गेल्या दोन महिन्यांचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही. मशीनची मूळ नोंद उपलब्ध असेल तर तिच्याशी रजिस्टर ताडून जादा गेलेल्या रकमेचा तक्ता करा. रक्कम हजार-दोन हजारांत निघेल असा माझा अंदाज आहे. तो तक्ता चेअरमनांना त्याच भेटीत दाखवा आणि पुढच्या बिलातून वजा करण्याची त्यांची संमती घ्या. ती मिळाली नाही तर संचालक मंडळाला लेखी कळवा आणि पोच ठेवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ खाली संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी निश्चित करताना व्यवस्थापनात भाग घेतलेल्या माणसाकडून व्याजासह वसुली काढता येते, आणि नोंद कोणाच्या हातची आहे हे तिथे पहिल्यांदा पाहिले जाते. फायदा चेअरमनांचा आणि नोंद तुमची, अशी ही विभागणी आहे. नोकरीवर बालंट येण्याची शक्यता मी नाकारत नाही. काही गावांत तसे झालेले आहे, म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवा.

एक शेवटची व्यवहाराची सूचना. हे बोलणे दहा दिवसांचे बिल निघण्याच्या आधी करा. बिल हातात पडल्यावर गेलात तर त्यांना आधी कापलेले पैसे दिसतील, आणि मग बोलणे फॅटवर न राहता तुम्ही त्यांचा अपमान केला की नाही यावर जाईल.